मातीच्या पत्रिकेंतील एक आंकडा व त्यामागील तुल्यभार

एकाच शेतांतून एकाच दिवशीं काढलेल्या, एकाच घमेल्यांत कालवून दोन पिशव्यांत भरलेल्या मातीचे दोन तपासणी-अहवाल मजसमोर आहेत. पहिल्यांत सेंद्रिय कर्ब शेंकडा ०.३६ लिहिला आहे. दुसऱ्यांत तोच ०.४७ आहे. दोन्ही प्रयोगशाळा जबाबदार म्हणून समजल्या जातात, आणि त्यांचीं नांवें सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं. कारण चौकशी करतां असें आढळून आलें कीं, माती तोलण्यांत किंवा औषधें मापण्यांत कोणाचीच चूक झालेली नव्हती. दोघांचेंहि मोजमाप एकच होतें. फरक केवळ त्यापुढील गणितांत होता. हें गणित काय आहे, आणि तें शेतकऱ्यानें समजून कां घ्यावें, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

आतां कोणी म्हणेल, एका टक्क्याच्या नवव्या हिश्शाइतका हा फरक, त्याचा एवढा बाऊ कशास? परंतु महाराष्ट्रांत प्रचारांत असलेल्या प्रतवारींत ०.२१ ते ०.४० पर्यंत कर्ब असलेली जमीन ‘कमी’ या वर्गांत बसते, व ०.४१ ते ०.६० पर्यंतची ‘मध्यम’ या वर्गांत. कर्ब कमी निघाल्यास नत्राची शिफारस सव्वापट करावी, व मध्यम निघाल्यास ती आहे तशीच ठेवावी, अशी सर्वसाधारण रीत आहे. ज्या पिकास हेक्टरीं १०० किलो नत्राची शिफारस आहे त्यास पहिल्या अहवालाप्रमाणें १२५ किलो द्यावें लागेल, दुसऱ्याप्रमाणें १००. मधले २५ किलो नत्र म्हणजे सुमारें ५४ किलो युरिया, अर्थात् ४५ किलोच्या एका गोणीहून अधिक. आणि तेंहि दर हेक्टरीं व दर हंगामास. गरजेवांचून टाकलेला युरिया केवळ पैसाच घालवितो असें नाहीं. पीक लुसलुशीत होऊन किडीस व लोळण्यास बळी पडतें, आणि उरलेलें नत्र विहिरीच्या पाण्यांत उतरतें. उलट, गरज असतां तो न टाकल्यास उत्पन्न घटतें. एका दशांश चिन्हाच्या पुढील आंकड्यावर एवढें अवलंबून आहे.

१९ फेब्रुवारी २०१५ रोजीं राजस्थानांतील सुरतगड येथें केंद्र सरकारनें मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू केली. पत्रिकेंत एकंदर १२ गोष्टी तपासून लिहावयाच्या असतात, व सेंद्रिय कर्ब ही त्यांपैकीं एक. आज बहुतेक खातेदारांच्या घरीं अशी एखादी पत्रिका आहे. परंतु ती वाचतांना आपण आंकडा पाहतों, वर्ग पाहतों, आणि खताचें दुकान गांठतों. आंकडा कोठून आला हें विचारण्याची आपणांस संवय नाहीं.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घ्यावी कीं, प्रयोगशाळेंत कर्ब कोणीहि प्रत्यक्ष तोलीत नाहीं. आपण सायंकाळीं गव्हाणींत मोजून दहा पेंढ्या कडबा टाकावा, सकाळीं किती उरल्या तें पाहावें, आणि उणे आलेल्या पेंढ्या जनावरानें खाल्ल्या असें धरावें, तसाच हा प्रकार आहे. मातीवर पोटॅशियम डायक्रोमेट नांवाच्या नारिंगी क्षाराचें द्रावण मोजून ओततात. गंधकाम्लाच्या उष्णतेनें मातींतील कर्ब त्या द्रावणाकरवीं जळतो. नंतर डायक्रोमेट किती उरलें तें लोहाच्या द्रावणानें मोजतात, व जें खर्चीं पडलें तेवढ्यावरून कर्ब किती होता हें काढतात. इंग्लंडांतील रोथॅमस्टेड येथील वॉकली व ब्लॅक यांनीं १९३४ सालीं प्रसिद्ध केलेली हीच ती रीत, आणि थोड्याफार फरकानें ती आजहि आपल्याकडे चालू आहे.

आतां प्रश्न असा कीं, एवढें डायक्रोमेट खर्चलें म्हणजे एवढाच कर्ब होता, हें कशावरून ठरतें? येथेंच रसायनशास्त्रांतील तुल्यभार, म्हणजेच समतुल्य वस्तुमान, आपल्या उपयोगीं पडतें.

ऑक्सिडीकरण व क्षपण या जोडक्रियेंत एक पदार्थ इलेक्ट्रॉन देतो व दुसरा ते घेतो. खातेवहींत ज्याप्रमाणें एकाच्या नांवें पडलेली रक्कम दुसऱ्याच्या जमेस पडलीच पाहिजे, त्याप्रमाणें दिलेले व घेतलेले इलेक्ट्रॉन तंतोतंत सारखे असले पाहिजेत. या व्यवहारांत एक मोल इलेक्ट्रॉन देण्यास किंवा घेण्यास एखाद्या पदार्थाचें जितकें वजन लागतें, तितका त्याचा तुल्यभार. तो काढण्याची कृति सोपी आहे. पदार्थाचें रूपांतर कशांत होतें तें प्रथम पाहावें. त्यांतील कोणत्या अणूचा ऑक्सिडीकरण अंक कितीनें बदलला तें काढावें. तसे अणु पदार्थाच्या एका रेणूंत किती आहेत त्या संख्येनें त्यास गुणावें. आणि येणाऱ्या संख्येनें रेणुभारास भागावें. भागाकार हाच ग्रॅममध्यें तुल्यभार होय.

यांतील मर्म असें कीं, रेणुभार हा पदार्थाचा स्वतःचा, कायमचा असतो. तुल्यभार मात्र त्या पदार्थास कोणत्या कामास लावलें आहे त्यावर ठरतो. एका एकरास किती गडी लागतात, असें कोणी विचारल्यास आपण प्रथम विचारतों, काम कोणतें? निंदणीस जितके लागतात तितके पेरणीस लागत नाहींत. गडी तेच, परंतु हिशेब निराळा.

याचें सर्वांच्या परिचयाचें उदाहरण म्हणजे लाळ्या-खुरकतांत जनावराचें तोंड व खूर धुण्यास आपण जें जांभळें औषध पाण्यांत टाकतों तें पोटॅशियम परमँगनेट. त्याचा रेणुभार १५८.०३ आहे. आम्लयुक्त द्रावणांत त्यांतील मँगनीजचा अंक ७ वरून २ वर उतरतो, पांच इलेक्ट्रॉन घेतले जातात, व तुल्यभार ३१.६१ येतो. उदासीन किंवा सौम्य अल्कयुक्त द्रावणांत अंक ७ वरून ४ वर येऊन तपकिरी मँगनीज डायऑक्साइड बनतें. हातावर राहणारा डाग तो हाच. तेथें इलेक्ट्रॉन तीन, म्हणून तुल्यभार ५२.६८. तीव्र अल्कांत तो केवळ ६ पर्यंत उतरून हिरवें मँगनेट होतें, इलेक्ट्रॉन एकच, आणि तुल्यभार १५८.०३ हाच राहतो. एकच डबी, एकच पूड, आणि तुल्यभार तीन.

दुसरें उदाहरण द्राक्षबागाइतदारांच्या रोजच्या वापरांतील मोरचुदाचें. स्फटिकजलासह त्याचा रेणुभार २४९.६९ आहे. बोर्डो मिश्रण करतांना मोरचूद चुन्याशीं मिळतें, तेव्हां तांब्याचा ऑक्सिडीकरण अंक बदलत नाहीं. ती केवळ क्षार व अल्क यांची अदलाबदल आहे. तांब्यावरील भार दोन, म्हणून तेथें तुल्यभार १२४.८४ धरतात. परंतु विकत घेतलेलें मोरचूद कितपत शुद्ध आहे हें पाहण्याकरितां रसायनज्ञ त्यावर पोटॅशियम आयोडाइड टाकतो, तेव्हां तांबें २ वरून १ वर उतरतें. इलेक्ट्रॉन एक, आणि म्हणून तुल्यभार २४९.६९. या ठिकाणीं कोणी संवयीनें १२४.८४ घेतला, तर उत्तम मोरचूद निम्मेंच शुद्ध असल्याचा दाखला मिळेल, व निरपराध दुकानदार भेसळीच्या आरोपास पात्र होईल!

आतां मूळ विषयाकडे येऊं. डायक्रोमेटच्या एका रेणूंत क्रोमियमचे दोन अणु असतात. प्रत्येकाचा अंक ६ वरून ३ वर येतो व नारिंगी रंग जाऊन हिरवा येतो. तीन दुणे सहा, म्हणून २९४.१८ यांस सहांनीं भागून तुल्यभार ४९.०३ येतो. एक लिटरांत इतकें डायक्रोमेट विरघळविलें म्हणजे तें द्रावण एक नॉर्मल झालें. रेणूंत क्रोमियमचे अणु दोन आहेत हें विसरून कोणी तिनांनींच भागलें, तर लिटरांत ९८.०६ ग्रॅम पडतील, द्रावण दुप्पट जोराचें होईल, आणि तें एक नॉर्मलच आहे अशा समजुतीनें हिशेब केल्यास प्रत्येक शेताचा कर्ब निम्माच लागेल.

उरलेलें डायक्रोमेट मोजण्यासाठीं फेरस अमोनियम सल्फेट वापरतात. त्यांतील लोह २ वरून ३ वर जातें, इलेक्ट्रॉन एकच देतें, म्हणून त्याचा तुल्यभार रेणुभाराइतकाच, ३९२.१४, अर्धा नॉर्मल द्रावणास लिटरीं १९६.०७ ग्रॅम. आपला नेहमींचा हिराकस हाहि लोहाचाच क्षार. त्याचाहि तुल्यभार या कामीं रेणुभाराइतकाच, म्हणजे सुमारें २७८ येतो.

राहिला कर्ब. तो जळून कार्बन डायऑक्साइड होतो, तेव्हां त्याचा अंक ४ असतो. परंतु जळण्यापूर्वीं मातींतील सेंद्रिय कर्बाचा अंक किती धरावा? येथें एक गृहीत आहे, व तें उघड सांगितलें पाहिजे. तो सरासरीनें शून्य धरतात. हें मनास पटण्यासाठीं साखरेकडे पाहावें. साखरेच्या रेणूंत कर्ब १२, हायड्रोजन २२ व ऑक्सिजन ११ असतात. हायड्रोजनचे अधिक २२ व ऑक्सिजनचे उणे २२ एकमेकांस फेडून टाकतात, आणि कर्बाच्या वांट्यास शून्यच राहतें. वनस्पतींच्या काष्ठतंतूंचीहि गोष्ट तशीच. म्हणून कर्बाचा प्रत्येक अणु चार इलेक्ट्रॉन देतो, आणि १२ भागिले ४ म्हणजे ३ हा त्याचा तुल्यभार ठरतो. याच न्यायानें साखरेचा रेणु १२ गुणिले ४, म्हणजे ४८ इलेक्ट्रॉन देईल व तिचा तुल्यभार ३४२.३ भागिले ४८, म्हणजे अवघा ७.१३ येईल.

तुल्यभार कळले म्हणजे पुढील हिशेब कोणाहि खातेदारास सहज करतां येतो. एक ग्रॅम माती घेतली. तीवर एक नॉर्मल डायक्रोमेट १० मिलिलिटर टाकलें, व २० मिलिलिटर तीव्र गंधकाम्ल घातलें. अर्ध्या तासानें पाणी व फॉस्फोरिक आम्ल घालून, डायफेनिलअमाइन हा दर्शक टाकून, अर्धा नॉर्मल लोहद्रावण ब्युरेटमधून सोडलें. निळसर जांभळा रंग जाऊन हिरवा येईपर्यंत तें १७.६ मिलिलिटर लागलें. हीच सर्व क्रिया माती न घालतां केली, तेव्हां लोह २०.० मिलिलिटर लागलें होतें. हिलाच कोरी चाचणी म्हणतात. फरक २.४ मिलिलिटर; त्याचें अर्धें १.२. म्हणजे मातीनें १.२ सहस्रांश तुल्य डायक्रोमेट खाल्लें. कर्बाचा तुल्यभार ३, म्हणून कर्ब ३.६ मिलिग्रॅम; एका ग्रॅमांत ३.६ मिलिग्रॅम म्हणजे शेंकडा ०.३६.

पहिल्या अहवालांतील आंकडा हाच. मग दुसऱ्याचा ०.४७ कोठून आला? वॉकली व ब्लॅक यांस असें दिसून आलें होतें कीं, केवळ आम्लाच्या उष्णतेनें मातींतला सगळा कर्ब जळत नाहीं. सरासरी ७७ टक्के जळतो. म्हणून आलेल्या आंकड्यास १०० भागिले ७७, म्हणजे सुमारें १.३ यांनीं गुणतात. ०.३६ गुणिले १.३ म्हणजे ०.४७. एका प्रयोगशाळेनें गुणिलें, दुसरीनें गुणिलें नाहीं, आणि दोघींपैकीं एकीनेंहि तें कागदावर लिहिलें नाहीं. अशा दोन आंकड्यांच्या मध्यें सांपडलेल्या शेतकऱ्यानें काय करावें? तो एक तर सोईचा आंकडा खरा मानतो, अथवा तपासणीवरचा विश्वासच सोडतो. दोन्ही गोष्टी घातकच. याच जातीचा दुसरा घोटाळा ‘सेंद्रिय कर्ब’ व ‘सेंद्रिय पदार्थ’ यांचा होतो. पदार्थांत ५८ टक्के कर्ब असतो असें धरून कर्बास १.७२४ यांनीं गुणिल्यावर सेंद्रिय पदार्थ निघतो, तेव्हां ०.४७ कर्ब असलेली जमीन पदार्थाच्या मापानें ०.८१ दिसेल. मथळा न वाचतां आंकडा वाचणाऱ्यास आपली जमीन एकाएकीं सुधारल्याचा भास होईल.

परंतु याहून मोठा धोका कोऱ्या चाचणींत आहे. लोहाचें द्रावण हवेंतील ऑक्सिजनानें आपोआप क्षीण होत जातें. समजा, आज भरलेलें अर्धा नॉर्मल द्रावण कांहीं दिवसांनीं ०.४८ नॉर्मल झालें. आतां त्याच मातीस १७.६ ऐवजीं १८.३३ मिलिलिटर लागेल, व कोऱ्या चाचणीस २० ऐवजीं २०.८३. ज्यानें त्याच दिवशीं कोरी चाचणी घेतली त्यास २.५० भागिले २०.८३ गुणिले १०, म्हणजे पुन्हां १.२ हेंच उत्तर मिळेल. लोहाचा नेमका जोर त्यास माहीत असण्याचीहि गरज नाहीं. डायक्रोमेट तेवढें बरोबर तोललेलें असावें, म्हणजे झालें. परंतु ज्यानें जुनीच २० ही संख्या धरली त्याचा फरक १.६७, कर्ब ०.२५, व १.३ यांनीं गुणून ०.३३. लोह शेंकडा ४ नें उतरलें, आणि कर्ब शेंकडा ३० नें उतरला! मध्यम जमीन कमी झाली. आणि हें कोणाच्याहि डोळ्यांस दिसत नाहीं, कारण ०.३३ हा आंकडा आपल्या जमिनींत मुळींच न शोभणारा नव्हे.

आतां जमिनीच्या गुणांकडे वळूं. ज्या पदार्थाजवळ देण्यास इलेक्ट्रॉन आहेत तो प्रत्येक पदार्थ डायक्रोमेट खातो. तो कर्ब आहे कीं दुसरें कांहीं, हें डायक्रोमेटास कळत नाहीं. चुनखडींतील कर्ब आधींच पूर्ण ऑक्सिडीकृत असल्यामुळें त्याजवळ देण्यास कांहींच नाहीं. म्हणून आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनींस ही रीत सोईची आहे. परंतु खारवट जमिनीची गोष्ट निराळी. क्लोराइड एक इलेक्ट्रॉन देतें. त्याचा तुल्यभार ३५.४५. त्यास कर्बाच्या ३ नें भागलें म्हणजे सुमारें १२ येतात. तात्पर्य, १२ भाग क्लोराइड एक भाग कर्बाचें सोंग घेतें. मातींत शेंकडा ०.६ क्लोराइड असलें, तर ०.०५ इतका खोटा कर्ब चढतो, व १.३ यांनीं गुणिल्यावर ०.०६५. खरा ०.३५ कर्ब असलेली जमीन यामुळें ०.४१ च्या पुढें जाऊन मध्यम ठरते, आणि आधींच खारानें पिडलेल्या पिकास हक्काचें नत्रहि नाकारलें जातें.

हा प्रश्न आपल्याकडे पुस्तकी नाहीं. नीरा डावा कालवा १८८५ सालीं वाहूं लागल्यानंतर त्या खोऱ्यांतील जमिनी खारावत गेल्या, व डॉ. हॅरोल्ड मॅन आणि व्ही. ए. ताम्हाणे यांनीं १९१० सालीं त्यांविषयीं मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यातर्फे पुस्तिका प्रसिद्ध केली. अतिपाण्यानें क्षार वर येण्याचा तो प्रकार बागाइती भागांत अद्यापि संपलेला नाहीं. कोंकणांतील खाजणांत तर समुद्रच दाराशीं आहे. यावर उपाय ठाऊक आहेत. गंधकाम्लांत सिल्व्हर सल्फेट मिसळलें म्हणजे क्लोराइड चांदीशीं बांधलें जाऊन बाजूस राहतें; किंवा क्लोराइड निराळें मोजून त्याचा बारावा हिस्सा वजा करावा. सल्फेट आधींच ऑक्सिडीकृत असल्यानें त्याची या कामीं भीति नाहीं. पाणथळ भातखाचरांतील ओल्या मातींत फेरस लोह असतें व तेंहि डायक्रोमेट खातें; म्हणून नमुना सावलींत पसरून चांगला वाळवूनच पाठवावा. उलट, लांकडाचा कोळसा या रीतीनें फारसा जळत नाहीं. तेव्हां शेतांत कोळशाची भुकटी घालून पत्रिकेंत कर्ब त्या मानानें वाढण्याची अपेक्षा धरूं नये.

या विवेचनावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, हें सर्व रसायनज्ञानें पाहावें, शेतकऱ्यास त्याचें काय? यास उत्तर एवढेंच कीं, काट्याची घडण आपणांस येत नाहीं म्हणून आपण तोलणाराकडे पाठ फिरवून उभे राहत नाहीं. रिकाम्या काट्याची दांडी सरळ आहे कीं नाहीं तें पाहतोंच. कोरी चाचणी म्हणजे रिकाम्या काट्याची दांडी होय. दुसरा आक्षेप सुशिक्षितांचा. ते म्हणतात, तुल्यभार व नॉर्मल द्रावणें हीं आतां जुनीं झालीं; रसायनशास्त्रांत सर्व हिशेब मोलांनीं करण्याकडे कल आहे. हें खरें आहे. ‘एक नॉर्मल’ एवढेंच लिहिलें असतां क्रिया कोणती हें कळत नाहीं, हा त्या पद्धतीचा दोष परमँगनेटच्या उदाहरणांत आपण पाहिलाच. परंतु मोलांनीं हिशेब केला तरी एक मोल डायक्रोमेट सहा इलेक्ट्रॉन घेतें व एक मोल कर्ब चार देतो, हें गणितांत आणावेंच लागतें. सहा व चार यांतून सुटका नाहीं. शिवाय मृदा-परीक्षणाच्या हस्तपुस्तिकांतून अद्यापि नॉर्मल द्रावणेंच लिहिलेलीं असतात. तेव्हां शब्द कोणताहि वापरा, समज पक्की पाहिजे.

माझें म्हणणें थोडक्यांत असें आहे. आपल्या संस्थेनें तपासणीसाठीं नमुने पाठवितांना अहवालावर चार गोष्टी लिहून मागाव्यात: मातीचें वजन, त्या दिवशींच्या कोऱ्या चाचणीचें वाचन व नमुन्याचें वाचन, १.३ यांनीं गुणिलें आहे कीं नाहीं. आणि खारवट नमुन्यास सिल्व्हर सल्फेट वापरलें कीं नाहीं. हें लिहिण्यास एक ओळ पुरे, व जी प्रयोगशाळा नेकीनें काम करते तिला तें लिहिण्यांत कमीपणा वाटण्याचें कारण नाहीं. कांहीं ठिकाणीं ब्युरेटऐवजीं हिरव्या रंगाची गडदता यंत्रानें मोजतात. तेथें साखरेच्या ठराविक वजनावरून लावलेलें प्रमाण केव्हांचें आहे तें विचारावें.

दुसरें, संस्थेनें एका शेताची माती वाळवून, चाळून, चांगली कालवून एक मोठी बरणी भरून ठेवावी, आणि दर खेपेस सभासदांच्या नमुन्यांबरोबर तींतील एक पुडी निराळ्या क्रमांकानें पाठवावी. बरणी तीच, माती तीच. आंकडा मात्र खेपेगणिक डोलूं लागला, तर दोष मातीचा नव्हे हें तत्काळ समजेल. यास खर्च म्हणाल तर एका नमुन्याच्या शुल्काचा. ही तपासणी घरीं करण्याच्या भानगडींत मात्र कोणीं पडूं नये; तीव्र गंधकाम्ल व डायक्रोमेट हीं दोन्ही शरीरास घातक आहेत.

तिसरें, प्रत्येक सभासदानें आपली पत्रिका आजच काढून दोन रकाने शेजारीं ठेवून वाचावे: सेंद्रिय कर्ब व विद्युत्‌वाहकता. दुसरा आंकडा मोठा असेल, तर पहिल्यावर आंधळा विश्वास न ठेवतां क्लोराइडविषयीं विचारणा करावी. दोन वर्षांच्या पत्रिकांची तुलना करावयाची झाल्यास त्या एकाच प्रयोगशाळेच्या व एकाच गणिताच्या आहेत याची खात्री करून मगच जमीन सुधारली किंवा बिघडली असें म्हणावें.

माझ्यापुरतें सांगावयाचें तर त्या दोन अहवालांपैकीं मी ०.४७ हा आंकडा धरला. कारण प्रतवारीचे वर्ग गुणिलेल्या आंकड्यासाठीं लावले जातात असें उभय प्रयोगशाळांनीं विचारल्यावर सांगितलें, व पहिलीनें आपला अहवाल त्याप्रमाणें दुरुस्तहि करून दिला. त्या हंगामास युरियाची ती जादा गोणी घरीं आलीच नाहीं. प्रश्न एका चिठ्ठीचा होता. ती लिहिण्यास लागणारें ज्ञान वर दिलें आहे तेवढेंच. सभासद बंधूंनीं त्याचा उपयोग करावा, व येत्या हंगामाचे नमुने पाठविण्यापूर्वीं या सूचनांचा विचार संस्थेच्या सभेंत व्हावा, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतों.